शाळेच्या संकेतस्थळावरील सूचना अंध पालकांनाही वाचता याव्यात, यासाठी पानांची मांडणी कशी करावी?

प्रश्न
माध्यमिक शिक्षिका, नौपाडा, ठाणे

सर्वांना नमस्कार.

मी ठाण्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते आणि दोन वर्षांपासून शाळेच्या संकेतस्थळाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या साधनात पान उघडणे, मजकूर भरणे, छायाचित्रे चढवणे इतपत काम मी पाहून पाहून शिकले. दिवाळीच्या सुट्टीत संपूर्ण संकेतस्थळ नव्याने मांडावे असे शाळा समितीने ठरवले आहे, आणि त्याआधी जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणून हे लिहीत आहे.

यामागचा प्रसंग सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. जुलैमध्ये एका रात्री पावसाने उसंतच घेतली नाही आणि पहाटे शाळांना सुट्टी जाहीर झाली. सहा वाजायच्या आत आम्ही सुट्टीची सूचना संकेतस्थळावर लावली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही पाठवली. ती सूचना म्हणजे एक चित्र होते: पिवळ्या रंगावर तांबडी अक्षरे आणि कोपऱ्यात छत्री. आमच्या प्राथमिक विभागात दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीचे वडील पूर्ण अंध आहेत आणि आई पहाटेच कामावर निघते. ते मुलीचा हात धरून, पाणी तुंबलेल्या रस्त्याने शाळेच्या फाटकापर्यंत आले, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना आज सुट्टी असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. फोन माझ्या टेबलावर ठेवला, आमचे पान उघडले आणि त्या सूचनेवर बोट नेले. फोन म्हणाला, "आयएमजी, डॅश, दोन, शून्य, दोन, पाच", आणि तसेच आकडे वाचत राहिला. सुट्टी हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

त्या दिवसापासून आमचे प्रत्येक पान मी या दृष्टीने पाहते आहे आणि मला पुढील अडचणी दिसतात. मुखपृष्ठावर संस्थापकांचे छायाचित्र, तीन मनोगते, सरकणारी बातमीपट्टी आणि स्नेहसंमेलनाची चित्रे आहेत. सूचना अगदी तळाशी आहेत. परिपत्रके गेल्या अकरा वर्षांपासून पीडीएफ स्वरूपात चढवली जात आहेत, त्यांतील बरीचशी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली, तर काही सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली आहेत. काही पाने मराठीत, काही इंग्रजीत, तर काही दोन्ही भाषांत आहेत. हे सगळे कोणत्या क्रमाने दुरुस्त करावे, मुखपृष्ठावर काय ठेवावे आणि काय हलवावे, आणि याबाबत कायद्याने शाळेवर काही जबाबदारी येते का, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे. समितीपुढे मला मुद्देसूद बोलावे लागणार आहे.

प्रतिसाद
संकेतस्थळे तयार करणारा, ऐरोली

मॅडम, रंग, फॉन्ट आणि थीम यांचा विचार थोडा मागे ठेवा. आधी कार्यालयातील दूरध्वनीशेजारी एक वही ठेवा आणि आलेला प्रत्येक फोन कशासाठी होता, ते पंधरा दिवस एकेका ओळीत लिहून ठेवायला सांगा. कोपरखैरणे येथील एका शाळेचे काम करताना मी हे केले होते. शाळा किती वाजता सुटते, शुल्काची शेवटची तारीख कोणती, बोनाफाईड कधी मिळेल, प्रवेशाला कोणती कागदपत्रे लागतात आणि उद्या शाळा आहे का, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. ती वही म्हणजेच तुमच्या मुखपृष्ठाचा आराखडा आहे. बहुतेक शाळांची संकेतस्थळे संस्थेच्या रचनेप्रमाणे मांडलेली असतात: आधी संस्था, मग पदाधिकारी, मग विभाग, आणि शेवटी सूचना. पालक मात्र एखादे काम घेऊन येतो आणि फोनच्या लहान पडद्यावर, बहुधा घाईत, ते काम शोधतो. डोळस पालक बोटाने पान सरकवून ते कसेबसे शोधून काढतो. कानाने वाचणाऱ्याला मात्र मधले सगळे ऐकत ऐकत तिथवर पोहोचावे लागते. त्यामुळे नीट क्रम लावणे हीच सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांसह सर्वांना पान वापरता येण्याची, पहिली पायरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुख्य मेनूमध्ये सहापेक्षा जास्त नोंदी ठेवू नका: सूचना, प्रवेश, वेळापत्रक आणि सुट्ट्या, शुल्क आणि दाखले, शाळेविषयी, संपर्क. मनोगते आणि इतिहास 'शाळेविषयी'मध्ये आदराने बसतील. मेनूचा क्रम प्रत्येक पानावर सारखाच ठेवा. माउस वर नेला की उघडणारे आणि बाजूला केला की मिटणारे उपमेनू टाळा, कारण कळफलकावर काम करणाऱ्याला ते अनेकदा उघडताच येत नाहीत. मुखपृष्ठावर सर्वांत वर ताज्या तीन सूचना असाव्यात आणि प्रत्येक सूचनेला स्वतःचे पान आणि स्वतःचे शीर्षक असावे.

शीर्षकांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका मी इथेच पाहतो. ओळ ठळक करून अक्षर मोठे केले की डोळ्यांना ती शीर्षक वाटते, पण संगणकाच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. वर्डप्रेसमध्ये 'हेडिंग' हा वेगळा ब्लॉक असतो, तोच वापरायला हवा. पानाचे नाव ही पहिली पातळी असते, म्हणून मजकुरातील विभागांना दुसरी पातळी द्या आणि त्यांच्या पोटातल्या भागांना तिसरी. अक्षर लहान हवे म्हणून दुसरीवरून थेट चौथीवर उडी मारू नका; पुस्तकातल्या अनुक्रमणिकेत प्रकरणाखाली जसे उपप्रकरण येते, तशीच ही उतरंड असते.

मराठी पानाची भाषा मराठी आहे, हे संगणकाला सांगावे लागते. प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या संकेतलेखनात, भाषेची खूण असते; मराठीसाठी ती 'एमआर' आणि इंग्रजीसाठी 'ईएन' असते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की बहुतेक थीममध्ये ही खूण आपोआप बदलते. ती 'ईएन' राहिली, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायचा प्रयत्न करतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी परिच्छेद आलटून पालटून ठेवण्याऐवजी दोन स्वतंत्र पाने करा आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्याचा दुवा सुरुवातीलाच द्या.

रंगांबाबत एक मोजता येणारी अट आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असावे, असे डब्ल्यूसीएजी हे संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात. हे गुणोत्तर मोजून देणारी साधने इंटरनेटवर विनाशुल्क आहेत. अनेक शाळांना प्रिय असलेली पांढऱ्यावरची केशरी अक्षरे मोजून पाहा: झेंड्यातला केशरी रंग पांढऱ्यावर ३ : १ सुद्धा भरत नाही. केशरी पट्टी ठेवायचीच असेल, तर तिच्यावर काळी अक्षरे ठेवा.

देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला अपुरे पडते. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर मी ठेवतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरे आणि दोन्ही कडा सारख्या केलेले परिच्छेदही टाळा. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्त, हे दोन्ही विनाशुल्क आहेत आणि लहान पडद्यावर स्वच्छ दिसतात.

बातमीपट्टी काढून टाका. पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे, असा निकष आहे, आणि जुन्या पद्धतीच्या पट्टीत ती सोय नसते. ज्याला सावकाश वाचावे लागते, त्याच्या डोळ्यांसमोरून वाक्य निघून जाते. समितीला पट्टी आवडत असेल, तर त्यातलीच वाक्ये स्थिर यादी म्हणून त्याच जागी ठेवून दाखवा.

आणखी एक सावधगिरी. 'एक ओळ जोडा, संकेतस्थळ सुगम्य होईल' असे सांगून विकली जाणारी उपकरणे, म्हणजे पानाच्या कोपऱ्यात दिसणारे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह, विकत घेण्याची घाई करू नका. त्यांनी अक्षर मोठे होते, रंग बदलतो. पण चित्रात अडकलेली सूचना चित्रातच अडकून राहते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते शब्द, मात्र आवर्जून लिहा, एकही चित्र सोडू नका.

प्रतिसाद
बँकेत नोकरी करणारा अंध वाचक, नेरूळ

मी जन्मापासून अंध आहे, माझी दोन मुले शाळेत जातात आणि कार्यालयात मी रोज आठ तास स्क्रीन रीडर वापरतो. वरच्या प्रतिसादातील बहुतेक सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. केवळ शेवटच्या वाक्याबाबत वेगळे सांगायचे आहे.

आधी मी पान कसे वाचतो ते लिहितो, म्हणजे कशाचा उपयोग होतो हे आपोआप कळेल. संगणकावर मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो विनाशुल्क आहे आणि त्याचे काम २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने, मायकल करन यांनी, सुरू केले. पान उघडले की मी ते वरून खाली ऐकत बसत नाही. 'एच' हे अक्षर दाबले की पुढच्या शीर्षकावर जातो, 'के' दाबले की पुढच्या दुव्यावर, 'टी'ने तक्त्यावर आणि 'एफ'ने अर्जातल्या पुढच्या रकान्यावर. डोळस माणूस जशी पानावरून नजर फिरवतो, तसा मी 'एच' दाबत जातो. शाळेच्या पानावर 'एच' दाबल्यावर "या पानावर शीर्षक नाही" असे ऐकू आले, तर समोर एकही परिच्छेद न पाडलेले पुस्तक उघडल्यासारखे होते. प्रवासात मी अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरतो. तिथेही बोट वरखाली सरकवून शीर्षकांवर उड्या मारता येतात. मराठी आवाज दोन्हीकडे उपलब्ध आहे.

दुवे मी अनेकदा यादी काढून ऐकतो. त्या यादीत "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा" असे ऐकू आले, तर कोणता दुवा कशाचा हे मला कसे कळावे? "इयत्ता पाचवी प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे" असे दुव्याचे नाव असेल, तर आजूबाजूचे वाक्य न ऐकताही मी तो निवडू शकतो. तसेच प्रत्येक पानाच्या सुरुवातीला "मुख्य मजकुराकडे जा" असा दुवा ठेवा, म्हणजे दर पानावर तोच मेनू पुन्हा ऐकावा लागत नाही.

आता चित्रांविषयी. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर हवा, हे वाक्य अर्धे बरोबर आहे. ज्या चित्रात माहिती आहे, त्याला मजकूर हवाच आणि त्यात तीच पूर्ण माहिती हवी. "सुट्टीची सूचना" एवढे लिहिणे पुरेसे नाही, कारण कोणत्या दिवसाची आणि कोणत्या वर्गांची सुट्टी, हे मला तरीही कळत नाही. खरे तर सूचनेचे चित्र करूच नये. पण केवळ शोभेसाठी लावलेली फुले, नक्षी, रेघा यांच्या पर्यायी मजकुराचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती चित्रे सोडून पुढे जातो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पानावर प्रत्येक चित्राला "छायाचित्र" एवढाच मजकूर होता आणि तो एकच शब्द मला सतत ऐकावा लागला. छायाचित्रांच्या पानावर वर एक चांगला परिच्छेद लिहा: कोणत्या वर्गाने कोणते नृत्य केले, रंगमंचावर काय उभारले होते, शेवटी काय झाले. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने एकदा असा परिच्छेद लिहिला होता. कोळीनृत्यात मुलांच्या हातात जाळी खरीखुरी होती, हे मला त्यातून कळले आणि घरी त्यावर आमच्या खूप गप्पा झाल्या. त्या पानावरची छायाचित्रे मी सोडून दिली, पण कार्यक्रम मला पाहायला मिळाला.

वेळापत्रक चित्र किंवा पीडीएफ म्हणून न देता पानावरच तक्ता म्हणून द्या, आणि वरची वारांची ओळ तसेच डावीकडचा तासांचा रकाना यांना शीर्षक-कप्पे म्हणून खूण करा. मग मी कोणत्याही कप्प्यावर गेलो की "बुधवार, तिसरा तास, विज्ञान" असे ऐकू येते. दोन दिवसांचे कप्पे जोडून एक केले की हा हिशेब बिघडतो, म्हणून तोच विषय दोनदा लिहिलेला बरा.

शेवटी आपल्या लेखनातील एक सवय. "इ. ५ वी", "मा. मुख्या.", "दि.", "स. ७.३० वा." ही संक्षिप्त रूपे डोळ्यांना सोयीची आहेत, पण कानाला ती तुटक अक्षरे म्हणून ऐकू येतात. "इयत्ता पाचवी", "सकाळी साडेसात वाजता" असे पूर्ण लिहा. सूचनेभोवती तारकांच्या ओळी आणि चित्रखुणांच्या (इमोजींच्या) रांगाही लावू नका. प्रत्येक चित्रखुणेचे नाव उच्चारले जाते आणि मुख्य वाक्य त्यात बुडून जाते.

प्रतिसाद
शालेय लिपिक, कळवा

जुन्या फॉन्टचा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून त्यावर लिहितो. मी गेली सव्वीस वर्षे शाळेच्या कार्यालयात मराठी टंकलेखन करतो आणि त्यातली पहिली बरीच वर्षे जुन्या फॉन्टमध्येच काम केले.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत. तिच्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आपण 'क' टाइप करतो तेव्हा संगणकाच्या साठ्यात 'क' जातच नाही. तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह जाते आणि त्या फॉन्टमध्ये त्या चिन्हाच्या जागी 'क'चे चित्र बसवलेले असते. म्हणून कागदावर सगळे सुरेख छापले जाते, पण स्क्रीन रीडरला आतली इंग्रजी अक्षरेच मिळतात आणि तो तीच वाचतो. याची परीक्षा सोपी आहे. परिपत्रकाची पीडीएफ उघडा, एक वाक्य निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी वाक्य आले तर ती युनिकोडमध्ये आहे; इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ आला, तर ती जुन्या फॉन्टमध्ये आहे; आणि वाक्य निवडताच आले नाही, तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. अशा दोन्ही बिघडलेल्या फायली गूगलवर शोधूनही सहसा सापडत नाहीत, म्हणजे नुकसान केवळ अंध पालकांचे होत नाही.

अकरा वर्षांच्या सगळ्या फायली बदलायला घेऊ नका, काम तडीस जाणार नाही. ज्या आजही लागू आहेत त्या वेगळ्या काढा: प्रवेशाचे नियम, गणवेश, शुल्क, दाखल्यांची पद्धत, सुट्ट्यांची यादी, पालक-शिक्षक संघाची माहिती. आमच्याकडे अशी परिपत्रके मोजकीच निघाली. त्यांचा मजकूर रूपांतर करणाऱ्या विनाशुल्क साधनातून युनिकोडमध्ये घेता येतो, पण तो ओळ न ओळ तपासावा लागतो. रफार, 'श्र', 'द्ध', 'ऱ्य' इथे हमखास चुका राहतात. बाकीच्या फायलींची वर्षवार यादी करा, प्रत्येकीला पूर्ण नाव द्या आणि वर लिहा की हवे असलेले परिपत्रक कार्यालय वाचनीय मजकुराच्या स्वरूपात पुरवेल.

युनिकोडमध्ये टाइप केले तरी सगळे पीडीएफवर सोपवू नका. वर्डमधून 'प्रिंट' करून पीडीएफ केली की शीर्षके आणि तक्ते यांच्या खुणा निघून जातात. 'सेव्ह ॲज' करून, पर्यायांमध्ये सुगम्यतेच्या रचनाखुणांवर टिचकी लावून केली, तर त्या टिकतात. तरीही पीडीएफमधून देवनागरी मजकूर बाहेर येताना वेलांट्या आणि जोडाक्षरे कधी कधी विस्कटतात, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे मजकूर पानावरच द्यावा हे उत्तम.

आमच्या मुख्याध्यापकांचा आग्रह होता की सही-शिक्क्याशिवाय सूचना अधिकृत ठरत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही तोडगा असा काढला की संपूर्ण मजकूर पानावर लिहायचा आणि त्याखाली "सही-शिक्क्याची प्रत, पीडीएफ, १ पान" असा दुवा द्यायचा. दोघांचेही काम होते.

तुमच्या लिपिकांना एक निरोप द्यावा, मॅडम. युनिकोड म्हणजे बोटांना पुन्हा सगळे शिकवावे लागेल, ही भीती मलाही होती आणि तिच्यामुळे मी दोन वर्षे टाळाटाळ केली. पण टंकलेखन यंत्रावरची रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही मिळते. पहिल्या आठवड्यात थोडे अडखळायला होते, नंतर हात सरावतो. ज्यांनी अकरा वर्षे ही परिपत्रके केली, त्यांना विश्वासात घेऊन बदल करा. त्यांच्यावर चूक ढकलली जात आहे असे त्यांना वाटले, तर पुढच्या जुलैमध्ये पुन्हा छत्रीचेच चित्र चढेल.

प्रतिसाद
विशेष शिक्षिका, वाशी

कायद्याविषयी मॅडमनी विचारले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत सर्वसमावेशक शिक्षण मिळावे, यासाठीचे कलम १६ आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा, यासाठीचे कलम ४२, ही दोन कलमे समितीपुढे वाचून दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या 'डबल ए', म्हणजे तीनपैकी मधल्या, पातळीला धरून आहे. तुमची शाळा अनुदानित असली तरी सरकारी नाही, पण कामाचा नमुना म्हणून तीच तत्त्वे समोर ठेवा.

इथली चर्चा बरीचशी दृष्टीभोवती फिरली, म्हणून दोन गोष्टींची भर घालते. मी ज्या मुलांबरोबर काम करते, त्यांत वाचनात अडचण असलेली मुले खूप आहेत आणि काहींच्या पालकांनाही तीच अडचण असते, फक्त तिला कोणी कधी नाव दिलेले नसते. "सर्व संबंधित पालकांना सूचित करण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये" अशी सुरुवात असलेले परिपत्रक हे पालक दुसऱ्या ओळीत सोडून देतात. "शुक्रवारी शाळा दुपारी बारा वाजता सुटेल" हे वाक्य पहिले येऊ द्या. कारण आणि संदर्भ त्याच्याखाली लिहा. परिपत्रकाची कार्यालयीन भाषा सही-शिक्क्याच्या प्रतीत राहील, तिला कोणी हात लावत नाही. कर्णबधिर पालकांसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक देऊ नका. संदेश पाठवण्याचा क्रमांक आणि ईमेल पत्ता शेजारीच द्या, आणि मुख्याध्यापकांच्या भाषणाच्या चित्रफितीखाली त्याचा लिखित मजकूर ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे 'संपर्क' पान. तिथे नुसता नकाशा लावू नका, वाट शब्दांत लिहा: कोणत्या रस्त्याने यायचे, बस किंवा रिक्षा कुठे सोडते, फाटक रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे. उतार (रॅम्प) आहे का, किती पायऱ्या आहेत, चाकाच्या खुर्चीतून जाता येईल असे स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, हेही लिहा. यातले जे नसेल, ते नाही असेच लिहा. पाय अधू असलेल्या आजीला नातवाच्या निकालाला यायचे असेल, तर तिला घरातून निघण्याआधी हे कळायला हवे. पान तयार झाल्यावर ज्यांच्यासाठी ते केले त्यांच्याकडून तपासून घ्या. नवी मुंबईत महापालिकेचे वाशीचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करते, तिथे येणाऱ्या पालकांशी बोलूनही मला बरेच शिकायला मिळाले आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
माध्यमिक शिक्षिका, नौपाडा, ठाणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार मानते. दूरध्वनीशेजारची वही कालपासून सुरू झाली आहे. कळव्याच्या सरांचा प्रतिसाद मी आमच्या लिपिकांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच तीन परिपत्रके कॉपी करून स्वतःच्या फोनवर पाठवून पाहिली आणि तिन्ही वेळा आलेला गोंधळ पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रेमिंग्टन मांडणी आज दुपारी त्यांच्या संगणकावर बसवून घेतली.

सुट्टीच्या सूचनेचा कायमचा नमुना मी तयार केला आहे, म्हणजे पहाटे घाईत केवळ वार आणि तारीख बदलावी लागेल. तो चाचणीच्या पानावर ठेवला आहे आणि पत्ता नेरूळच्या सरांना खासगी निरोपाने पाठवला आहे. शीर्षक असे आहे: "अतिवृष्टीमुळे आज शाळेला सुट्टी". त्याखाली: "मंगळवार, दि. १५ जुलै रोजी प्राथमिक आणि माध्यमिक विभागाचे सर्व वर्ग बंद राहतील. कार्यालय दु. १२ वाजेपर्यंत सुरू राहील." सवडीने ऐकून कळवावे, ही विनंती.

प्रतिसाद
बँकेत नोकरी करणारा अंध वाचक, नेरूळ

मॅडम, आत्ताच घरी फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे ऐकले. 'एच' दाबताक्षणी सुट्टीचे शीर्षक आले आणि आवाज मराठी होता. दोन जागी अडखळलो: "दि" आणि "दु बारा". ते "दिनांक" आणि "दुपारी बारा" असे करावे. शीर्षकात "आज" आहे, तिथेही वार लिहा, कारण दुसऱ्या दिवशी ते पान उघडणाऱ्याला "आज" म्हणजे कोणता दिवस हे कळणार नाही. बाकी सर्व एका दमात कळले.